मृत्यूच्या भीतीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात गेली सतरा वर्षे मी समुपदेशनाचे काम करते. या काळात माझ्यासमोर बसलेल्या फार थोड्या माणसांनी 'मला मरणाची भीती वाटते' हे वाक्य पहिल्याच भेटीत उच्चारले असेल. बहुतेक जण 'माझं काही बरंवाईट झालं तर', 'काही कमीजास्त झालं तर' असे म्हणतात, आणि तेवढे म्हणतानाही एकदा दाराकडे पाहून घेतात, कारण बाहेर बाकावर घरचे कोणीतरी बसलेले असते. खालचे प्रश्न अशाच माणसांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारलेले आहेत. मी डॉक्टर नाही. जिथे डॉक्टरांकडे जाणे आवश्यक आहे तिथे तसे स्पष्ट लिहिले आहे.

मरणाची भीती वाटणे हा आजार आहे का?

नाही. मरण येणार हे ज्याला कळते त्याला त्याची भीती कधी ना कधी वाटतेच, आणि रस्ता ओलांडताना आपण दोन्हीकडे पाहतो ते याच भीतीच्या जोरावर. ती आजाराच्या वळणावर गेली हे ओळखण्याची खूण वेगळी आहे. विचार मनात येऊन निघून जातो की दिवसाचा ताबा घेतो, हे पाहावे. कामावर लक्ष लागत नाही, झोप मोडते, प्रवास टाळला जातो, मयतीचा निरोप आला की पोटात गोळा येतो, वर्तमानपत्रातले निधनवार्तांचे पान उलटून ठेवावे लागते, आणि हे सगळे महिनोन्महिने चालू राहते, तेव्हा मदत घेण्याची वेळ आलेली असते.

वयाबद्दल एक गैरसमज आहे. म्हातारी माणसे मरणाला सर्वांत जास्त भीत असतील असे आपण धरून चालतो, परंतु अभ्यासांत आणि माझ्या अनुभवातही साधारणपणे उलटे दिसते. विशी-तिशीतल्या माणसांची भीती अधिक तीव्र असते आणि उतारवयात ती बहुधा निवळत जाते.

ही भीती नेमकी कशाची असते?

या प्रश्नावर मी माझ्याकडे येणाऱ्यांसोबत सर्वांत जास्त वेळ घालवते, कारण 'मरणाची भीती' या एका नावाखाली निरनिराळ्या भीती एकत्र बांधलेल्या असतात, आणि ते गाठोडे सोडल्याशिवाय कोणत्या भीतीवर काय करायचे हे कळत नाही. मी एक कोरा कागद देते आणि 'मी गेलो तर सर्वांत वाईट काय होईल' या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या अक्षरात लिहायला सांगते.

एका ऑटोचालकाने लिहिले होते, 'हप्ते कोण भरणार.' एका निवृत्त शिक्षिकेने लिहिले होते की नाकातोंडात नळ्या घालून महिनाभर पडून राहायचे नाही. साठीतल्या एका बाईंनी स्वतःच्या मरणाविषयी काहीच लिहिले नाही. मालक आधी गेले तर बँकेचे, विजेच्या बिलाचे, घरटॅक्सचे आपल्याला काहीच समजत नाही, असे त्यांनी लिहिले. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलाने बराच वेळ पेन हातात धरून शेवटी दोनच शब्द लिहिले, 'मी नसेन.'

चौघांनाही मरणाची भीतीच वाटत होती, पण पहिल्याचा प्रश्न विमा, वारसनोंद आणि घरात एकदा मोकळेपणाने बोलण्याचा होता, दुसरीचा कायद्याच्या एका कागदाचा, आणि तिसरीचा बँकेत चार वेळा जाऊन येण्याचा. खरोखर अवघड होता तो चौथा प्रश्न. स्वतःच्या नसण्याची कल्पना मनाला करता येत नाही, कारण कल्पना करायला आपण तिथे असावेच लागतो. म्हणून मन त्या जागी अंधार, कोंडलेपण, एकटेपण अशी चित्रे रंगवते आणि मग त्या चित्रांना घाबरते. त्या मुलाशी मी हेच बोलले. अंधाराची भीती ही जिवंत माणसाची भीती आहे, हे त्याला हळूहळू पटले. भीती त्यामुळे पुरती गेली नाही, मात्र ती चित्रे गेली, आणि चित्रे गेल्यावर झोप लागू लागली.

रात्रीच ही भीती का वाढते?

दिवसा लक्ष वाटले गेलेले असते. रात्री आवाज थांबतात, शरीर आडवे होते, आणि छातीतले ठोके उशीत ऐकू येऊ लागतात. दमलेले मन विचारांना आवर घालण्यात कमी पडते, हेही खरे.

हे मी पुस्तकातून शिकलेले नाही. माझे वडील गेले तेव्हा मी चौतीस वर्षांची होते. त्याच वर्षी नवतप्यात एका रात्री तीनच्या सुमारास वीज गेली आणि कूलर बंद पडला. कूलरचा आवाज आमच्या नागपुरात उन्हाळाभर इतका अंगवळणी पडलेला असतो की तो थांबल्यावरच जाग येते. त्या शांततेत मला माझ्या मानेतली नाडी ऐकू आली, मी बोटे ठेवून ती मोजली, एक ठोका चुकल्यासारखा वाटला आणि जीव घाबरा झाला. त्यानंतर जवळजवळ आठ महिने मी रोज रात्री नाडी मोजत होते. मी दाखवायला गेले त्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून 'टेन्शन घेऊ नका' एवढेच सांगितले, ते कसे घेऊ नये हे सांगितले नाही, आणि मी विचारायला लाजले.

रात्री असे झाल्यास अंथरुणात तळमळत पडून राहू नये. उठून बसावे, मंद दिवा लावावा, माठातले पाणी प्यावे, घड्याळाकडे पाहू नये आणि मोबाईलवर लक्षणे शोधू नयेत. विचार लिहून काढावा आणि त्यावर सकाळी बोलायचे असे ठरवावे. रात्री तीन वाजता आयुष्याच्या प्रश्नांचा निकाल लावायचा नाही, हा नियम मी स्वतः अजून पाळते.

छातीत धडधड, श्वास अडकणे, आता मरतो असे वाटणे: हा हार्ट अटॅक असतो की भीती?

पहिल्यांदा असे झाल्यास ते घरी बसून ठरवू नये. छातीवर दाब येणे, दुखणे डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत पसरणे, दरदरून घाम, चालल्यावर वाढणारा त्रास, यांपैकी काही असेल तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा जवळच्या रुग्णालयात तातडीने जावे. मधुमेह असलेल्यांत आणि स्त्रियांत लक्षणे अस्पष्ट असू शकतात, त्यामुळे त्यांनी अधिक सावध राहावे. ईसीजी आणि रक्ताची ट्रोपोनिन तपासणी यांवरून डॉक्टरांना पुष्कळ कळते.

तपासण्या स्वच्छ आल्या आणि तोच प्रकार पुन्हा पुन्हा होत राहिला, तर तो पॅनिक अटॅक असण्याची शक्यता मोठी असते. यात शरीर संकटाच्या तयारीला लागते, पण समोर संकट नसते. ॲड्रेनालिनमुळे ठोके वाढतात. भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साईड कमी होतो, आणि त्यामुळे बोटांना व ओठांना मुंग्या येतात, चक्कर येते, श्वास पुरत नाही असे वाटते. माणूस आणखी जोराने श्वास घेतो आणि मुंग्या आणखी वाढतात. हा झटका साधारण दहा मिनिटांत टोकाला पोहोचतो आणि नंतर ओसरतो. शरीर फार वेळ त्या पातळीवर राहूच शकत नाही.

त्या वेळी करण्याजोगी गोष्ट म्हणजे श्वास सोडण्याचा वेळ घेण्याच्या वेळेपेक्षा लांब ठेवणे. मनात चार मोजून नाकाने श्वास घ्यावा आणि सहा मोजून सावकाश सोडावा. पाय जमिनीवर टेकवून बसावे. झटक्याशी भांडू नये. 'ही लाट आहे, दहा मिनिटांत उतरेल' असे मोठ्याने म्हणावे. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय करू नये, कारण त्रास खरोखर हृदयाचा किंवा दम्याचा असल्यास तो धोक्याचा ठरतो.

सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, तरी पुन्हा तपासावेसे वाटते. काय चूक आहे?

तपासले की बरे वाटते, यातच मेख आहे. ऑक्सिमीटर बोटाला लावला, 98 दिसले, सुटकेचा श्वास टाकला, आणि अर्ध्या तासाने 'आता किती असेल' हा विचार आला. प्रत्येक वेळी मिळणारी ही सुटका मेंदूला शिकवते की धोका होता आणि तपासल्यामुळे आपण वाचलो. म्हणून तपासण्याची गरज कमी होण्याऐवजी वाढते. कोविडनंतर बीपीचे यंत्र आणि ऑक्सिमीटर ही दोन्ही उपकरणे घरोघरी आली आहेत, आणि ज्यांना आधीच धास्ती आहे त्यांच्या हाती ती भीतीच वाढवतात. घरच्यांना दिवसातून दहा वेळा 'मला काही होणार नाही ना' असे विचारणे हाही तपासणीचाच प्रकार आहे. घरचे प्रेमापोटी 'काही होत नाही तुला' म्हणत राहतात आणि तेही त्या चक्रात ओढले जातात.

यंत्र एकदम फेकून देण्याची गरज नाही. डॉक्टरांनी बीपी जितक्या वेळा मोजायला सांगितले आहे तितक्याच वेळा, ठरल्या वेळी मोजावे. मध्येच इच्छा झाली तर आधी पंधरा मिनिटे, पुढच्या आठवड्यात अर्धा तास थांबावे. थांबल्यावर अस्वस्थता वाढते, एका उंचीला जाते आणि तपासले नाही तरी उतरते. ते उतरणे स्वतः अनुभवणे हाच येथे उपचार आहे. कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी या पद्धतीत हेच काम शिस्तीने केले जाते आणि आजाराच्या भीतीवर तिचा उपयोग चांगला सिद्ध झालेला आहे. माझी नाडी मोजण्याची सवय याच मार्गाने सुटली, आणि त्याला अकरा आठवडे लागले.

मयतीला किंवा घाटावर जाववत नाही. टाळले तर बिघडते का?

एखाद्या वेळी टाळल्याने बिघडत नाही. नेहमीच टाळत राहिल्यास भीती मोठी होत जाते, आणि आपल्याकडे त्याला सामाजिक बाजूही आहे. जवळच्या माणसाच्या मातीला गेलो नाही, तेरवीलाही गेलो नाही, ही बोच पुढे अनेक वर्षे राहते आणि नातेवाईकही ते विसरत नाहीत.

पायरीपायरीने जावे. माझ्याकडे आलेले एक गृहस्थ अंबाझरी घाटाचा रस्ता टाळण्यासाठी रोज लांबचा फेरा घालून ऑफिसला जात. आम्ही सुरुवात केली ती त्या रस्त्याचे नुसते नाव दिवसातून काही वेळा उच्चारण्यापासून. मग दिवसाउजेडी मित्रासोबत त्या रस्त्याने गाडीवरून जाणे, मग एकट्याने जाणे, मग फाटकाशी पाच मिनिटे उभे राहणे. त्यानंतर कोणाच्या तरी घरी बसायला जाणे झाले, आणि चार महिन्यांनी सख्ख्या मामाच्या अंत्ययात्रेत ते शेवटपर्यंत थांबले. परत आल्यावर त्यांनी मला सांगितलेली गोष्ट मला अजून आठवते: लाकडे रचणारा माणूस मध्येच थांबून तंबाखू मळत होता आणि दोन पोरे भिंतीवर बसून संत्री सोलत होती. इतकी वर्षे मनात जो घाट होता त्यात ती पोरे नव्हती.

2021 मध्ये घरातला माणूस गेला. तेव्हापासून ही भीती आहे. इतकी वर्षे चालते का?

चालते, आणि त्या एप्रिलमध्ये नागपुरात ज्यांनी खाटेसाठी, ऑक्सिजनसाठी रात्रभर फोन केले त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. अनेकांना शेवटचे तोंड पाहता आले नाही, अंघोळ घालता आली नाही, घाटावर चार माणसेही नव्हती. मरणाभोवतीच्या आपल्या रीती, मग ती तेरवी असो, बौद्ध कुटुंबातला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असो किंवा मुस्लीम घरातला चाळिसावा असो, मनाला एक गोष्ट सांगतात की हे घडले आणि आपण सगळ्यांनी ते पाहिले. ती संधीच मिळाली नाही तेव्हा दुःख अर्धवट राहिले, आणि अर्धवट राहिलेले दुःख पुष्कळदा स्वतःच्या मरणाच्या भीतीचे रूप घेते.

जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या नव्या वर्गीकरणात दीर्घकाळ रेंगाळलेल्या शोकाला स्वतंत्र स्थान दिले आहे. सहा महिने उलटून गेल्यावरही ओढ आणि वेदना जराही कमी होत नसतील आणि रोजचे जगणे अडलेले असेल, तर उपचार घ्यावेत. राहून गेलेला विधी आजही करता येतो. एका कुटुंबाने तीन वर्षांनंतर, वर्षश्राद्धाच्या दिवशी, फक्त जवळच्या माणसांना बोलावून गेलेल्या आईविषयी प्रत्येकाने एक आठवण सांगायची, एवढेच केले. दुपारी दोनला सुरू झालेले ते बोलणे दिवेलागणीपर्यंत चालले.

लहान मूल विचारते, 'आई, तू पण मरशील का?' काय उत्तर द्यावे?

खरे उत्तर द्यावे, आणि मुलाच्या मापाचे द्यावे. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना गेलेले माणूस परत येईल असे वाटत असते. मरण कायमचे असते आणि ते सर्वांना येते, ही समज साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान पक्की होऊ लागते, आणि नेमका तेव्हाच हा प्रश्न येतो. 'हो, सगळे जण कधीतरी मरतात, पण मला वाटतं मी तू खूप मोठा होईपर्यंत असेन, आणि तुझी काळजी घ्यायला बाबा आहेत, आजी आहे, मावशी आहे' असे उत्तर पुरते. मुलाला मुख्यतः 'मग माझं काय' हे विचारायचे असते.

'आजोबा झोपले', 'गावाला गेले', 'देवाने नेले' ही उत्तरे टाळावीत. पाच वर्षांच्या एका मुलाला आजोबा झोपले आहेत असे सांगितले गेले. त्यानंतर तो रात्री स्वतः झोपेना, आणि दुपारी आजीचा डोळा लागला की तिच्या पापण्या बोटांनी उघडून पाही. 'आजोबांचं शरीर खूप आजारी झालं, ते काम करायचं थांबलं, आता त्यांना दुखत नाही आणि ते परत येणार नाहीत' असे त्याला समजावल्यावर तो दोन दिवस खूप रडला आणि तिसऱ्या दिवशी झोपला. देवावर श्रद्धा असलेल्या घरात देवाचे नाव जरूर घ्यावे, मात्र शरीराविषयीचे खरे आधी सांगावे.

घरातले वडीलधारे सतत स्वतःच्या मरणाविषयी बोलतात. ते थांबवावे का?

थांबवू नये. 'असं काऊन बोलता बाबा, काही होत नाही तुम्हाले' असे म्हणून आपण विषय मोडतो, आणि त्यात बाबांपेक्षा आपल्या स्वतःच्या भीतीची सोय जास्त पाहिलेली असते. त्यांना बहुधा काही सांगायचे असते: कोणत्या मुलाशी अबोला मिटवायचा आहे, कोणाचे पैसे द्यायचे आहेत, कोणत्या गावच्या नदीत राख सोडायची आहे. 'तुम्हाला काय वाटतं, सांगा' असे म्हणून दहा मिनिटे शेजारी बसावे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे पिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते तेव्हा हे अवघे शहर रस्त्यावर येऊन रोगराईचे नाव घेऊन 'घेऊन जा गे मारबत' असे ओरडते. जे शहर भर चौकात नाव घेऊन पिडा गावाबाहेर नेते, त्याच शहरातल्या बैठकीच्या खोलीत मरण हा शब्द अभद्र ठरावा याचे मला खरोखर वाईट वाटते. मात्र बोलण्यासोबत जेवण सुटले असेल, झोप गेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर ते नैराश्य असू शकते आणि ते वयाच्या नावाखाली सोडून देऊ नये.

मरणापेक्षा मरतानाच्या वेदनांची भीती वाटते. त्यावर काही आहे का?

आहे, आणि ही माहिती लोकांपर्यंत पोहोचत नाही याची मला खंत आहे. वेदना आणि इतर त्रास कमी करणे हेच ज्याचे मुख्य काम, अशी वैद्यकशाखा आहे. तिला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. लंडनमध्ये 1967 साली डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी आधुनिक हॉस्पिसचा, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांच्या सेवागृहाचा, पाया घातला आणि माणसाची वेदना शरीराइतकीच मनाची, नात्यांची आणि श्रद्धेचीही असते हा विचार रुजवला. भारतातले पहिले हॉस्पिस, शांती अवेदना सदन, 1986 मध्ये मुंबईत सुरू झाले. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर तोंडाने घेण्याचे मॉर्फिन अत्यंत परिणामकारक असते. अंमली पदार्थांच्या कायद्यातील कडक अटींमुळे ते अनेक वर्षे रुग्णांना मिळणे अवघड होते. 2014 च्या दुरुस्तीने ती वाट बरीच मोकळी केली. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी घेतलेल्या मॉर्फिनचे व्यसन लागते ही भीती बहुतांशी निराधार आहे.

घरात गंभीर आजार असल्यास मानेवाडा रोडवरील राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय, जामठा येथील राष्ट्रीय कर्करोग संस्था किंवा तुमचे उपचार जिथे चालू आहेत तिथे 'पॅलिएटिव्ह केअर कोणाकडे मिळेल' असे थेट विचारावे. हे उपचार अगदी शेवटी घ्यायचे असतात असे नाही. मूळ आजारावरील उपचारांसोबतही ते घेता येतात.

मला मशीनवर ठेवू नये असे आधीच लिहून ठेवता येते का?

येते. सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी सन्मानाने मरण्याचा अधिकार हा जगण्याच्या अधिकाराचाच भाग मानला आणि आगाऊ वैद्यकीय निर्देशाला, म्हणजे लिव्हिंग विलला, मान्यता दिली. सुरुवातीची पद्धत इतकी किचकट होती की ती वापरणे अवघड होते. जानेवारी 2023 मध्ये न्यायालयाने ती सोपी केली. आता सज्ञान आणि विचार करण्यास सक्षम असलेली व्यक्ती दोन साक्षीदारांसमोर सही करून तो कागद नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घेऊ शकते. आपल्या वतीने निर्णय कोण घेईल त्याचे नाव त्यात लिहायचे असते. बरे होण्याची आशा नसलेल्या अवस्थेत, रुग्णालयातील डॉक्टरांच्या दोन मंडळांच्या मतानंतरच कृत्रिम उपचार थांबवता येतात. इंजेक्शन देऊन मरण आणणे भारतात बेकायदेशीर आहे. ही दोन्ही एकच समजू नयेत. कागदाची एक प्रत कुटुंबातील त्या माणसाकडे आणि एक नेहमीच्या डॉक्टरांकडे ठेवावी. कपाटाच्या तळाशी ठेवलेला कागद आयसीयूच्या दारात उपयोगी पडत नाही.

मृत्युपत्र केले की मरण ओढवते, असे आमच्याकडे मानतात.

मृत्युपत्र करून वीस-पंचवीस वर्षे जगलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि ते न करता गेलेल्यांच्या मुलांची भांडणेही पाहिली आहेत. मृत्युपत्र साध्या कागदावर चालते, स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी. दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. बँकेतला नॉमिनी हा मालक होत नाही, तो वारसांच्या वतीने पैसे स्वीकारतो, हेही अनेकांना ठाऊक नसते. मुस्लीम कुटुंबांसाठी नियम वेगळे असल्याने त्यांनी वकिलांना विचारावे. ज्यांच्या कागदावर 'मुलांचं काय होईल' असे लिहिलेले असते, त्यांची झोप मी या एका कामानंतर सुधारलेली पाहिली आहे.

देवावर श्रद्धा असूनही भीती वाटते. माझी श्रद्धा कमी पडते का?

असे समजू नये. पूजाअर्चा करणाऱ्यांना, नमाज पढणाऱ्यांना, त्रिशरण-पंचशील म्हणणाऱ्यांना आणि काहीच न मानणाऱ्यांना ही भीती सारखीच गाठते. भीतीवर पुन्हा 'मला भीती वाटायला नको होती' ही अपराधी भावना चढवली की ओझे दुप्पट होते. श्रद्धेचा आधार खरा असतो, विशेषतः तिच्यासोबत माणसे असतील तर. बौद्ध परंपरेत मरणाचे सावधपणे स्मरण करणे ही एक साधनाच आहे. मात्र तीव्र घबराट असताना एकदम दहा दिवसांच्या मौन शिबिराला जाऊ नये. आधी उपचार घ्यावेत, आणि अर्जात आपला त्रास लपवू नये.

औषधे घ्यावी लागतात का?

प्रत्येकाला नाही. त्रास मोठा असल्यास मानसोपचारतज्ज्ञ बहुधा एसएसआरआय या, चिंता आणि नैराश्यावरील गटातील औषध देतात. त्याचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि पहिल्या काही दिवसांत अस्वस्थता थोडी वाढू शकते, म्हणून आठवड्यात औषध बंद करू नये. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या लगेच शांत करतात, पण त्यांची सवय लागते. शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर त्या कधीही घेऊ नयेत.

मरणाची भीतीही वाटते आणि कधी कधी जगू नये असेही वाटते. हे कसे शक्य आहे?

हे शक्य आहे, आणि असे वाटणारे तुम्ही एकटे नाही. सततच्या भीतीने माणूस इतका थकतो की ती थांबावी म्हणून काहीही व्हावे असे त्याला वाटू लागते. असा विचार आल्यास आजच, आत्ताच कोणाला तरी सांगावे. टेलिमानस ही शासनाची मोफत सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मिळते आणि मराठीतही बोलता येते. तत्काळ धोका वाटत असेल तर एकटे राहू नये, सरळ रुग्णालयात जावे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरले जाते आणि तिची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्य आहे. त्यामुळे पोलिसांच्या भीतीने गप्प बसू नये.

नागपुरात कोणाकडे जावे, आणि गेल्यावर सांगावे काय?

मेडिकल आणि मेयो या दोन्ही शासकीय रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे, मिहानमध्ये एम्स आहे, आणि प्रादेशिक मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभागही आहे. त्याच्या नावाने बिचकू नये. तिथे येणारे कितीतरी जण गोळ्यांची चिठ्ठी घेऊन तासाभरात घरी जातात. आरोग्य विम्याने मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच धरावे, असे 2017 चाच कायदा सांगतो. आपली पॉलिसी एकदा काढून पाहावी.

ओपीडीत वेळ थोडा मिळतो आणि डॉक्टरांसमोर बसले की शब्द आटतात. म्हणून आदल्या रात्री एका चिठ्ठीवर चार गोष्टी लिहाव्यात: हे कधीपासून होते, आठवड्यातून किती वेळा होते, त्यामुळे काय काय करायचे थांबले, आणि कोणती औषधे चालू आहेत. सर्वांत वर एक ओळ लिहावी, 'मला मरणाची भीती वाटते.' बोलवत नसेल तर ती चिठ्ठी नुसती पुढे सरकवावी; माझ्याकडे कितीतरी जणांनी तसेच केले आहे. आणि बाहेर बाकावर जो माणूस सोबत येऊन बसला आहे, त्यालाही जमल्यास ती वाचायला द्यावी.